कोंडवाड्याचे रजिस्टर आणि गुराख्याचे नाव

भिलाईत मरोदा हे नाव तीन ठिकाणी भेटते. पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा एक भाग मरोदा, कारखान्याला पाणी पुरवणारा जलाशय मरोदा, आणि दुर्गहून दल्लीराजहऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानकही मरोदाच. पावसाळ्यात या भागातल्या डांबरी रस्त्यांवर गुरे ठाण मांडून बसलेली दिसतात. एखादी गाय कुणाच्या बागेत शिरली की मराठी घरातली आजी म्हणते, "कोंडवाड्यात घाला तिला." शेजारचे छत्तीसगढी काका त्याच जागेला 'कांजी हौस' म्हणतात. विदर्भातल्या गावांतही हा शब्द ऐकू येतो.

कांजी हौस या शब्दात ना कांजी आहे ना हौस. इंग्रजीत गाईंसाठी 'काइन' असे एक जुने अनेकवचन होते. त्यावरून 'काइन हाउस' झाले आणि त्याचे इथल्या जिभेवर कांजी हौस झाले. इंग्रजांनी स्वतः तो जुना शब्द केव्हाच टाकून दिला. आपल्या खेड्यांत तो अजून नांदतो आहे. कोंडवाडा हा शब्द मराठीचा स्वतःचा, पण त्यातही कोंडण्याचीच क्रिया आहे. जनावर अडवणे, मोजणे, दंड घेऊन सोडणे या सरकारी व्यवहाराने दोन्ही भाषांना एकेक शब्द दिला.

या पाठात आपण मध्य भारतातील गुराखी समाजांचा इतिहास कोणत्या कागदांतून सापडतो, आणि त्या कागदांत काय सापडत नाही, हे पाहणार आहोत. विषय वरवर नीरस वाटेल. रजिस्टरे, जमाबंदीचे अहवाल, जनगणनेचे तक्ते, यादीतली एक नोंद, एवढीच सामग्री. पण याच सामग्रीवरून १९९४ साली नागपुरात ११४ माणसे प्राणाला मुकली, आणि याच सामग्रीवर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. तेव्हा हे कागद नीट वाचायला शिकणे हे केवळ परीक्षेपुरते काम राहत नाही.

भोसल्यांच्या काळातील बैल

छत्तीसगढ आणि मराठी यांचा संबंध पोलाद कारखान्याच्या नोकऱ्यांपासून सुरू होत नाही. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या स्वारीत रतनपूरच्या हैहय राजाने शरणागती पत्करली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. १८१८ ते १८३० ही वर्षे ब्रिटिश देखरेखीची होती. याच काळात ॲग्न्यू या अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. त्यानंतर पुन्हा भोसले, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. शंभराहून अधिक वर्षे या मुलखाच्या वरच्या हिशेबाची भाषा मराठी आणि लिपी मोडी होती.

त्या हिशेबात जनावर येते ते मुख्यतः ओझे वाहणारे म्हणून. छत्तीसगढचे धान्य पश्चिमेकडे जाई, तिकडून मीठ येई, आणि हा व्यापार बंजाऱ्यांच्या लादणीच्या बैलांवर चाले. त्यावर 'सायर' म्हणजे मालाच्या ये-जा करण्यावरची जकात बसे. मराठा काळातल्या जकातीच्या कागदांत बैल हे एक मापच होते: इतक्या बैलांचा माल, इतकी जकात. बैलाच्या पुढे चालणारा माणूस कोणती भाषा बोलतो, रात्री तळावर कोणते गाणे म्हणतो, याच्याशी जकातदाराला काही देणेघेणे नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. याचा दोष कोणाला द्यायचा नाही. फक्त इतकेच लक्षात घ्यायचे की कागद ज्या कामासाठी तयार होतो त्या कामापुरतेच तो बोलतो.

ॲग्न्यूचा १८२० चा छत्तीसगढ सुभ्यावरील अहवाल आणि रिचर्ड जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरील अहवाल हे इंग्रजीतले पहिले मोठे वृत्तान्त. ते वाचताना ध्यानात ठेवा की त्यांची पुष्कळशी माहिती मराठी कारकुनांच्या दफ्तरांतून आणि त्यांच्या तोंडून आलेली आहे. छत्तीसगढी बोलणाऱ्या रावताचा अनुभव मराठीत गाळून, मग इंग्रजीत गाळून आपल्यापर्यंत पोचतो. दोन चाळण्यांतून गेलेल्या पिठात कोंडा राहत नाही, हे घरात पाहिलेले असतेच.

चार रकाने

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढच्या दशकात जमाबंदीचे पहिले मोठे काम झाले. हेविटचा रायपूर जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल १८६९ चा आहे. दुर्ग तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो रायपूर आणि बिलासपूरचे भाग तोडून १९०६ मध्ये झाला. म्हणून मरोद्यासारख्या गावाचा १९ व्या शतकातला मागोवा घ्यायचा तर रायपूरच्या कागदांकडे जावे लागते. पुष्कळ विद्यार्थी दुर्गच्या नावाने शोधतात आणि काही मिळत नाही म्हणून परततात.

जमाबंदीने मालगुजारांना गावाची मालकी दिली. गावच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदवल्या गेल्या: कोणाला लाकूड कुठून, गुरे कुठे चरायची, गावकामगारांना काय द्यायचे. गुराख्याचा समाज या कागदांत जरा तरी दिसतो, कारण त्याची मजुरी हा गावाच्या व्यवस्थेचा भाग होता. पण तिथेही तो दिसतो तो मालगुजाराच्या बाजूने.

त्यानंतर आला १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा. पीक खाणारे जनावर पकडून शेतकऱ्याने २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचे, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायचे, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी आलेच नाही तर लिलाव करायचा. कायद्याने कोंडवाडा सांभाळणाऱ्याला रजिस्टर ठेवणे बंधनकारक केले आणि त्यात काय लिहायचे तेही सांगितले. जनावरांची संख्या व वर्णन. आणल्याचा दिवस आणि वेळ. पकडणाऱ्याचे नाव व गाव. मालकाचे नाव व गाव, माहीत असल्यास.

या चार रकान्यांकडे जरा वेळ थांबून पाहा. जनावर आहे, पकडणारा आहे, मालक आहे. ज्याच्या हाती त्या दिवशी ते जनावर होते तो गुराखी कुठे आहे? गावाची शे-दोनशे गुरे सकाळी एकत्र करून रानात नेणारा माणूस हा त्या घटनेचा सर्वांत जवळचा साक्षीदार. मालकाने त्यालाच दंड भरायला लावला असेल, त्याच्या वर्षअखेरच्या धान्यातून तो कापला असेल. रजिस्टरात त्याला जागा नाही. अशी रजिस्टरे कुठे हाती लागली तर त्यांवरून एखाद्या वर्षी चारा किती टंचाईचा होता हे सांगता येईल, कोणत्या गावाचे कोणत्या गावाशी भांडण होते हेही सांगता येईल. गुराखी मात्र अंदाजानेच उभा करावा लागेल.

मग जंगल खाते आले. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात चराईसाठी पास आणि दर जनावरामागे शुल्क अशी पद्धत रुजली. मध्य प्रांताच्या चराई नियमांत शेतकऱ्याच्या शेतीउपयोगी जनावरांना सवलतीचा दर आणि धंद्यासाठी पाळलेल्या जनावरांना चढा दर असा भेद होता. कागदावर हे न्याय्य दिसते. पण ज्याच्याकडे जमीन नाही आणि गुरे हीच ज्याची उपजीविका, तो पिढीजात गुराखी या भेदामुळे व्यापाऱ्याच्या रकान्यात जाऊन बसला. जंगलात चुकून शिरलेली जनावरेही कांजी हौसातच जात. १९३० च्या जंगल सत्याग्रहात धमतरी भागातील गट्टासिल्ली येथे आंदोलन पेटले ते अशाच कोंडलेल्या जनावरांवरून, आणि त्याच्या पुढाऱ्यांत नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप ही मराठी नावे आहेत. भोसलेकाळात इथे आलेल्या कुळांचे वंशज तोवर इथल्या गुराढोरांच्या सुखदुःखात पुरते मिसळले होते.

दुसऱ्या गोलार्धातले एक उदाहरण

आता थोडे दूर जाऊ, कारण हेच चित्र त्याच दशकांत कॅनडाच्या गवताळ प्रदेशात दिसते आणि तुलना केल्याशिवाय आपल्याकडचे वैशिष्ट्य कळत नाही. तिथल्या मैदानी क्री लोकांचे जीवन बायसन या रानबैलावर उभे होते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस बायसन जवळजवळ संपले. १८७६ मध्ये फोर्ट कार्लटन येथे झालेल्या सहाव्या तहात सरकारने क्रींच्या प्रत्येक गटाला शेतीसाठी चार बैल, एक वळू आणि सहा गाई देण्याचे कबूल केले. मिस्ताहिमास्क्वा, म्हणजे इंग्रजी कागदांतला बिग बेअर, हा प्रमुख १८८२ पर्यंत सही करायला तयार नव्हता. शेवटी त्याच्या माणसांच्या उपासमारीने त्याला वाकवले.

दुसरीकडे १८८१ मध्ये त्याच सरकारने गुरेपालक कंपन्यांना एक लाख एकरांपर्यंतचे पट्टे २१ वर्षांसाठी, एकरी वर्षाला एक सेंट भाड्याने देऊ केले. हे मोठे पट्टे मुख्यतः दक्षिण अल्बर्टात, ब्लॅकफूट लोकांच्या मुलखात होते; क्रींची वस्ती त्याच्या उत्तरेला व पूर्वेला. या कंपन्यांच्या खातेवह्या, पत्रे, छायाचित्रे कॅलगरीच्या ग्लेनबो संग्रहात जपलेली आहेत. कंपनीची वही जपली जाते, कारण कंपनीजवळ कचेरी असते आणि कपाट असते. राखीव वस्तीवरच्या क्री पशुपालकाचे जनावर मात्र खात्याच्या डागणीच्या खुणेने ओळखले जाई. इंडियन खात्याच्या इंग्रजी नावातली दोन आद्याक्षरे त्याच्या अंगावर डागलेली असत, आणि स्वतःचे जनावर विकायला किंवा कापायलाही सरकारी प्रतिनिधीचा परवाना लागे.

क्री भाषेकडे मात्र पाहण्यासारखे आहे. आज त्या भाषेत 'मोस्तोस' म्हणजे गाय-बैल, आणि बायसनला म्हणतात 'माळरानाचा मोस्तोस'. ज्याच्यावर सारे जगणे उभे होते त्या प्राण्याला आता विशेषण लावून ओळखावे लागते आणि बाहेरून आलेली गाय विशेषणाशिवाय मिरवते. हा बदल कोणत्याही खातेवहीत नोंदलेला नाही, शब्दांत आहे. आपल्या वाचकांना आणखी एक गंमत सांगण्यासारखी. क्री लिहिण्यासाठी १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने नॉर्वे हाउस येथे जी अक्षरलिपी छापली, तिच्या आकारांवर लघुलेखनाबरोबर देवनागरीचीही छाया आहे असे अनेक अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र सांगते की ही लिपी कॉलिंग बॅजर नावाच्या वृद्धाला आत्मलोकातून मिळाली. इतिहासकाराने यातले पहिले स्वीकारून दुसरे फेकून देऊ नये. दुसरे विधान लिपी कोणाची आहे याबद्दल काही सांगते.

गोवारी: एका नोंदीचा प्रवास

परत आपल्याकडे येऊ. छत्तीसगढमध्ये गुराखी समाज रावत किंवा राऊत या नावाने ओळखला जातो. वैनगंगा ओलांडून मराठी मुलखात आलात की भंडारा, नागपूर, वर्धा, चंद्रपूर या भागांत गुराखी समाज म्हणून गोवारी भेटतात. ब्रिटिश काळात हे दोन्ही भाग एकाच प्रांतात होते आणि त्यांची माहिती एकाच ग्रंथात आहे: आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ, १९१६. (हे हिरालाल कटनीचे. छत्तीसगढीचे पहिले व्याकरण १८८५ मध्ये लिहिणारे हिरालाल काव्योपाध्याय धमतरीचे. उत्तरपत्रिकांत दोघांची नेहमी गल्लत होते.)

या ग्रंथात राऊत 'अहीर' या लेखात सामावले आहेत; गोवारींवर स्वतंत्र लेख आहे. १९११ च्या गणनेत गोवारी दीड लाखांहून अधिक होते, त्यांतले बहुतेक नागपूर विभागात आणि उरलेले वऱ्हाडात, असे तो सांगतो. मग उत्पत्तीची कथा येते. कृष्णाच्या गाई राखणाऱ्या एका अहिराला मदतनीस हवा होता, त्याला रानात एक गोंडाचा मुलगा सापडला, त्याने त्याला वाढवले आणि गाई चारायला रानात धाडले. स्वतः घरी बसून दूध-लोण्याचे बघू लागला. त्या मुलाचे वंशज ते गोवारी. कथा कोणाच्या बाजूने सांगितली आहे हे सांगायला नको. त्यानंतर ग्रंथ तीन पोटविभाग देतो: गाय गोवारी, इंगा, आणि मारिया किंवा गोंड गोवारी, आणि कोण कोणाच्या हातचे शिजवलेले खातो त्यावरून त्यांची उतरंड लावतो.

ही माहिती कशी गोळा झाली? तहसीलदार, शाळा तपासणारे अधिकारी, कारकून यांच्याकडून टिपणे मागवून. त्यांतले अनेक जण हुशार आणि कष्टाळू होते. पण ते गोवारी नव्हते, आणि विचारणाऱ्याचा हुद्दा पाहून उत्तर देण्याची रीत खेड्यात तेव्हाही होती, आजही आहे. शिवाय दुसऱ्या बाजूला भाषेची पाहणी चालू होती. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) नागपुरी मराठीच्या पोटबोलींत 'गोवारी' हे नाव आहे. गोंडी चौथ्या खंडात, द्राविडी भाषांत. म्हणजे एका सरकारी पाहणीने हा समाज भाषेने मराठी ठरवला आणि दुसरीने त्याच्या एका शाखेचा उगम गोंडांत दाखवला. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. भाषा बदलणारे समाज जगभर आहेत, आणि गावाची गुरे राखणाऱ्याला गावाची भाषा उचलावीच लागते. पण तक्त्यात एका माणसाला एकच चौकट मिळते.

स्वातंत्र्यानंतर तक्त्याला कायद्याचे बळ आले. अनुसूचित जमातींचा आदेश १९५० मध्ये निघाला. १९५६ च्या दुरुस्तीने गोंड या नोंदीखालच्या लांबलचक नामावळीत 'गोंड गोवारी' हे नाव आले. दोन शब्द, मध्ये काहीही नाही. गोवारी समाजाचे म्हणणे असे की हे नाव आमचेच. गोंड गोवारी म्हणून वेगळी जमात आज कुठे आहे ते दाखवा. शासनाचे म्हणणे असे की गोवारी वेगळे, गोंड गोवारी वेगळे; १९८५ च्या शासन निर्णयाने तसे स्पष्ट केले. प्रमाणपत्रे मिळणे अडले. प्रमाणपत्र नाही म्हणजे वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना गोवारींचा प्रचंड मोर्चा आला. गावोगावहून लोक कुटुंबकबिल्यासह आले होते. पोलिसांचा लाठीमार आणि त्यानंतरची चेंगराचेंगरी यांत ११४ जण मेले, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे फुले वाहायला येतात. नागपूरला गेलात तर पाहून या. पुढच्या वर्षी शासनाने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतले. जमातीचा प्रश्न तसाच राहिला.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुने दस्तऐवज तपासून निष्कर्ष काढला की गोंड गोवारी नावाची स्वतंत्र जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, आणि यादीतले ते नाव गोवारींनाच लागू आहे. समाजात जल्लोष झाला, प्रमाणपत्रे निघाली, मुले महाविद्यालयांत दाखल झाली. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. यादीतली नोंद आहे तशी वाचायची असते, पुरावा घेऊन तिचा अर्थ पालटण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, बदल करायचा तर तो संसदेने, हे त्याचे मुख्य कारण. हेच तत्त्व २००० मध्ये हलबा-कोष्टी प्रकरणात सांगितले गेले होते. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे आहेत असेही न्यायालय म्हणाले. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांनी प्रवेश किंवा नोकरी मिळवली होती त्यांना मात्र संरक्षण दिले गेले. एकाच घरातली थोरली बहीण आदिवासी आणि धाकटा भाऊ आदिवासी नाही, अशी स्थिती यातून उभी राहू शकते.

कायदा म्हणून हा निकाल समजण्यासारखा आहे. यादी दर न्यायालयागणिक बदलू लागली तर तिला अर्थ उरणार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला टोचते ते दुसरेच. दोन्ही बाजूंनी पुढे आलेला पुरावा बहुतेक एकाच कपाटातला होता: जनगणना, गॅझेटिअर, रसेल-हिरालाल. ज्या कागदांनी गुराख्याला कधी बोलू दिले नाही त्याच कागदांतून त्याने आपली ओळख सिद्ध करावी, अशी ही अपेक्षा. रसेलच्या तीन पोटविभागांच्या त्या परिच्छेदाला इतके वजन येईल हे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. 'असे म्हणतात' या आधारावर लिहिलेले वाक्य शंभर वर्षांनी दाखला होऊन बसते.

कॅनडात १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डेल्गामूक्व खटल्यात, मूळ रहिवाशांचा मौखिक इतिहास लेखी पुराव्याच्या बरोबरीने विचारात घ्यावा, असे म्हटले. तो खटला क्रींचा नव्हता, गिट्कसान आणि वेट्सुवेटेन लोकांचा होता, आणि प्रश्न जमिनीच्या हक्काचा होता, यादीतल्या नावाचा नव्हता. त्यामुळे तो इकडे जसाच्या तसा लावता येत नाही. पण मौखिक साक्ष कशी तपासायची याची पद्धत न्यायालयाला आणि इतिहासकाराला दोघांनाही शिकावी लागते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

रजिस्टराबाहेरचे शब्द

मग गुराख्याची बाजू सापडते कुठे? काही अंशी सणांत. विदर्भात बलिप्रतिपदेला गोवारी गायगोधन साजरे करतात, ढालीची पूजा करतात, गावात गाई खेळवतात. छत्तीसगढमध्ये देवउठनी एकादशीपासून राऊत नाचाचे दिवस सुरू होतात. कवड्यांनी मढवलेले अंगरखे, हाती लाठी, गडवा बाजाचा ठेका, आणि दर थोड्या वेळाने थांबून म्हटलेला दोहा. गाईच्या गळ्यात राऊत 'सोहई' बांधतो, मालक त्याला धान्य देतो. वर्षाच्या कराराची ही जाहीर पावती आहे, आणि ती गळ्यात बांधलेली आहे, वहीत लिहिलेली नाही.

दुसरी जागा म्हणजे शब्द. छत्तीसगढीत गावाचा कळप ती 'बरदी', तो राखणारा 'पहटिया', गुरे दुपारी विसावतात ते 'दइहान', आणि राखणीच्या मोबदल्यात ठरलेल्या दिवशी मिळणारे दूध ते 'बरवाही'. विदर्भात राखणारा 'ढोरकी' किंवा 'गायकी', गुरे सकाळी गोळा होतात ते 'आखर'. गोंडी बोलणारा बैलाला 'कोंदा' म्हणतो. यातला 'बरवाही' हा एकच शब्द घ्या. मजुरी पैशात नव्हती, ती ठरावीक दिवसाच्या दुधात होती, आणि त्या दिवशी दुधावर मालकाचा हक्क नव्हता. चराई शुल्काच्या कोणत्याही तक्त्यातून हे कळणार नाही. मजेची गोष्ट म्हणजे महाराष्ट्राच्या यादीत गोंड या नोंदीखाली 'गायकी' हेही नाव आहे. एकीकडे ते कामाचे नाव, दुसरीकडे जमातीचे.

मरोद्यात आज बरदी उरलेली नाही. कारखान्यासाठी १९५५ चा भारत-सोव्हिएत करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली धमनभट्टी पेटली, आणि आजूबाजूच्या गावांच्या चराईच्या जागा वसाहतींनी भरत गेल्या. तरीही वसाहतीच्या कडेच्या वस्त्यांत दूध घालणाऱ्या राऊतांची घरे आहेत. दिवाळीनंतर बाजाचा आवाज क्वार्टरांच्या गल्ल्यांतून अजून येतो.

स्वाध्याय म्हणून एक काम सुचवतो. आपल्या गावातल्या किंवा शहराच्या कडेच्या एका गुराख्याकडे किंवा दूधवाल्याकडे जा, शक्य तर त्याच्या घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीशी बोला. गुरांच्या रंगांची, शिंगांच्या वळणांची, खोडींची नावे विचारा, आणि ती त्यांच्याच उच्चाराने देवनागरीत लिहून घ्या. प्रमाण मराठीत किंवा हिंदीत 'सुधारू' नका. गुरे कोंडवाड्यात गेल्याची एखादी आठवण असेल तर विचारा: कोणी पकडली, दंड किती, तो भरला कोणी, आणि त्या दिवशी राखायला कोण गेले होते. कोण सांगते आहे, केव्हा, कोणासमोर, हेही टिपून ठेवा, आणि नाव प्रसिद्ध करायचे की नाही हे त्यांनाच विचारा. मग १८७१ च्या कायद्यातले चार रकाने एका कागदावर आखा आणि मिळालेली माहिती त्यांत भरून पाहा. जे रकान्यांत मावले नाही त्याची वेगळी यादी करा, आणि पुढच्या तासाला ती यादी घेऊन या.